अंगणवाडीला शिकवणारा एक हात द्या : महिला व बाल विकास विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, मा. सचिव आणि मा. आयुक्त (एकात्मिक बाल विकास सेवा योजना),
महिला व बाल विकास विभाग, महाराष्ट्र शासन.
प्रत माहितीसाठी : शालेय शिक्षण विभाग.

विषय : तीन ते सहा वयोगटातील मुलांसाठी अंगणवाडीत स्वतंत्र बालशिक्षिका नेमण्याबाबत.

महोदय / महोदया,

सविनय नमस्कार.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र. नव्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक आहेत. त्यासाठी या उन्हाळ्यात मी पूर्वप्राथमिक शिक्षणाचं धोरण हा विषय घेतला. आधी ग्रंथालयात बसून धोरणं, कायदे आणि आजवरचे अभ्यास वाचले. मग बीड जिल्ह्यातल्या माझ्या आजोळच्या तालुक्यात जाऊन अंगणवाड्यांमध्ये सकाळपासून दुपारपर्यंत बसून राहिले. कुणाला प्रश्नावली भरायला लावली नाही. घड्याळ आणि वही घेऊन सेविकेची सकाळ कशात जाते, एवढंच टिपत गेले.

अहवाल महाविद्यालयात जमा झाला, गुणही मिळाले. पण त्यात जे सापडलं ते मार्गदर्शक प्राध्यापकांच्या कपाटात पडून राहू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र. सापडलं ते थोडक्यात असं : तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवण्याची जबाबदारी आपण ज्या सेविकेवर टाकली आहे, तिच्या सकाळीत शिकवण्यासाठी सलग अर्धा तासही उरत नाही. तिला शिकवता येतं. वेळ मिळाला तर ती फार सुंदर शिकवते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा प्रत्येक अंगणवाडीत या मुलांसाठी एक स्वतंत्र, निदान अर्धवेळ, बालशिक्षिका द्या, ही माझी मागणी आहे.

आधी कागदावर काय आहे ते सांगते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या पाच वर्षांचा एक पायाभूत स्तर मानला. त्यातली पहिली तीन वर्षं अंगणवाडीत किंवा बालवाटिकेत (पूर्वप्राथमिक वर्गात), पुढची दोन पहिली-दुसरीत. मेंदूच्या एकूण वाढीपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाआधी होते, असं त्या धोरणात म्हटलं आहे. २०३० पर्यंत प्रत्येक मुलाला दर्जेदार बालशिक्षण मिळेल असं वचनही त्यात आहे. राज्यघटनेच्या ४५व्या अनुच्छेदात सहा वर्षांखालच्या सगळ्या मुलांचं संगोपन आणि शिक्षण हे राज्यासाठी मार्गदर्शक तत्त्व आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या ११व्या कलमात तीन ते सहा वयोगटासाठी मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची तरतूद शासन करू शकतं, असं आहे. करायलाच हवी अशी सक्ती नाही. म्हणजे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा हक्क न्यायालयात मागता येतो, चार वर्षांच्या मुलाचा तसा येत नाही. पाया पाया म्हणून ज्याचा आपण एवढा गजर करतो, त्यालाच कायद्याचा आधार सगळ्यात कमी आहे.

हे शिक्षण गावात पोचवायचं कुणी? अंगणवाडीने. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हापासून तिच्या सेवा सहा : पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज असेल त्याला पुढे दवाखान्यात पाठवणं), आरोग्य व पोषण शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. माणसं मात्र दोनच, एक सेविका आणि एक मदतनीस. आज महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत आणि मिनी अंगणवाड्यांमध्ये तर आजवर दुसरी व्यक्तीही नसायची. सहातल्या पाच सेवांचा हिशेब वरून मागितला जातो. किती वजनं झाली, किती पाकिटं वाटली, किती डोस राहिले, हे दर महिन्याला विचारतात. सहावीचा हिशेब कुणी मागत नाही, म्हणून वेळेची ओढाताण झाली की मागे पडते ती हीच.

एक सकाळ जशी टिपली तशीच मांडते. गावाचं नाव देत नाही, कारण इथे दोष त्या अंगणवाडीचा नाहीच.

मदतनीस मावशी वस्तीवरून मुलं गोळा करून आणतात. प्रार्थना होते, एक बडबडगीत होतं. सेविकाताई फळ्याजवळ चित्रांचा तक्ता टांगतात, तोच एक गरोदर बाई टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा पूरक आहार, घ्यायला दारात येते. पाकीट देण्याआधी पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर तिचा चेहरा पडताळावा लागतो. १ जुलै २०२५ पासून ते सक्तीचं आहे. खोलीत नेटवर्क नाही, म्हणून दोघी बाहेर लिंबाखाली जातात. चेहरा जुळत नाही. डोक्यावरचा पदर मागे घेऊन, उन्हाकडे तोंड करून पुन्हा फोटो. मग लक्षात येतं की तिचं केवायसीच अर्धवट राहिलंय. ते पुरं करायला ओटीपी लागतो, आणि ओटीपी जातो नवऱ्याच्या मोबाईलवर. नवरा वीटभट्टीवर. त्याला फोन, तो उचलत नाही. एवढ्यात पर्यवेक्षिकेचा फोन येतो : कालच्या कार्यक्रमाचे फोटो ग्रुपवर अजून आले नाहीत. ताई फोटो शोधू लागतात. आत मदतनीस मावशींना खिचडीकडे बघायचं असतं, म्हणून मुलं भिंतीला पाठ लावून ओळीने बसलेली. हाताची घडी, तोंडावर बोट. तक्ता तसाच लोंबतो आहे.

त्या ओळीत टोकाला बसलेल्या एका मुलाने खिशातून चिंचोके काढले. आधी एका रेषेत मांडले. मग एक पालथा, एक उताणा असं करत रेष परत लावली. शेजारची मुलगी सरकून जवळ आली आणि तिने त्याच क्रमाने पुढे दोन लावले. ताई आत आल्या, त्यांनी ते पाहिलं आणि तिथेच खाली मांडी घातली. "आता पुढं कोणता येईल?" सगळी मुलं गोळा झाली. कुणी म्हणे पालथा, कुणी म्हणे उताणा. ताईंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी दोन चिंचोके मुद्दाम चुकीचे लावले आणि मुलांनी आरडाओरडा करून त्यांना अडवलं. मग "किती झाले?" म्हणून मोजणी, मग चिंचोके दोघांत वाटून घेणं, एक उरतो त्याचं काय करायचं यावर भांडण. आकृतिबंध, मोजणी, वाटणी, आणि त्यातलं सगळं बोलणं मुलांचं स्वतःचं. माझ्या वाचनातल्या कुठल्याही अभ्यासक्रमाने याहून वेगळं काही मागितलेलं नाही. हे चालू असतानाच दारातून हाक आली : लागला बघा फोन, ओटीपी सांगतोय. ताई उठल्या. परत येईपर्यंत खिचडी झाली होती आणि मुलं हात धुवायला गेली होती.

जेवणानंतर मी त्यांना विचारलं, असं रोज होतं का? त्या म्हणाल्या, "बाळा, मला शिकवायला लई आवडतं. पण माझा समदा दिवस मोबाईलच खातो."

मी इतर अंगणवाड्यांमध्येही बसले. तपशील बदलायचे. कुठे लसीकरणाचा दिवस, कुठे वजन-उंचीचा आठवडा, कुठे मतदार यादीचं काम, कारण कित्येक सेविका बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारीसुद्धा आहेत. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज त्यांनीच भरून घेतले, पुढे पडताळणीच्या कामालाही त्यांनाच लावलं. यातलं प्रत्येक काम एकेकटं पाहिलं तर गरजेचंच वाटतं. गावात शासनाचं काही पोचवायचं असलं की हाताशी असलेली बाई म्हणजे सेविका, आणि ती नाही म्हणू शकत नाही. पण ही सगळी कामं ज्या वेळातून काढली जातात तो वेळ चार वर्षांच्या मुलाचा आहे, हे कुठल्याही आदेशात लिहिलेलं नसतं.

आपला विभाग याकडे अगदीच डोळेझाक करतो असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्राने 'आकार' हा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम तयार केला. मी तो बारकाईने वाचला आणि तो चांगला आहे. केंद्राने मे २०२३ मध्ये 'पोषण भी पढाई भी' हा उपक्रम सुरू केला, पुढच्या वर्षी तीन ते सहा वयोगटासाठी 'आधारशिला' हा अभ्यासक्रम आणला. प्रशिक्षणं झाली. मी ज्यांच्याशी बोलले त्या बहुतेक सेविकांनी ती घेतली होती आणि एकीने तर प्रशिक्षणात केलेली कापडी बाहुली कौतुकाने काढून दाखवली. ती प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून कपाटात ठेवलेली होती. अडचण इथे आहे. प्रशिक्षणावर आणखी पैसा घातला तरी दिवसाचे तास वाढत नाहीत.

मग तास वाढवता येतात का? याचं उत्तर शोधताना मला एक अभ्यास सापडला आणि माझ्या सगळ्या कामाची दिशा त्याने ठरवली. तामिळनाडूत अलेहांद्रो गानिमियान, कार्तिक मुरलीधरन आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स या अर्थशास्त्रज्ञांनी राज्य शासनाच्या साथीने एक प्रयोग केला. चार जिल्ह्यांतली ६४० अंगणवाडी केंद्रं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यातल्या निम्म्या केंद्रांना फक्त बालशिक्षणासाठी एक जादा अर्धवेळ कार्यकर्ती दिली. इमारत तीच, सेविका तीच, आहार तोच. दीड वर्षाने मोजलं तेव्हा त्या केंद्रांतला शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला होता, मुलांची भाषेतली आणि गणितातली प्रगती स्पष्टपणे जास्त होती. मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट : या केंद्रांमधल्या मुलांमध्ये खुरटेपणा आणि तीव्र कुपोषणही कमी आढळलं. शिक्षणाचा भार उतरल्यावर मूळ सेविकेला पोषण आणि आरोग्याच्या कामासाठी वेळ मिळू लागला होता. आपल्याकडे शिक्षण आणि पोषण ही जणू एकमेकांच्या वाट्याचं खाणारी कामं आहेत असं धरून बैठका होतात. तिथे एका माणसाची भर घातली आणि दोन्ही सुधारली.

माझ्या प्राध्यापकांनी मला इथे अडवलं आणि ते बरोबर होतं. तामिळनाडूची अंगणवाडी आणि बीडची अंगणवाडी एक नाही. तिथली बालपोषणाची यंत्रणा कितीतरी जुनी आणि भक्कम आहे, केंद्रं बरी आहेत. तिथे जे झालं ते इथे तसंच होईल याची हमी मी देऊ शकत नाही. म्हणूनच मी उद्यापासून राज्यभर पदं भरा असं म्हणत नाही. एका जिल्ह्यात, काही तालुक्यांत, त्याच काटेकोर पद्धतीने करून पाहा आणि निकाल जाहीर करा, एवढंच मागते.

तसं पाहिलं तर ही कल्पना आपल्या मातीला परकीही नाही. ज्याला आज सारा देश अंगणवाडी म्हणतो ते काम बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला सुरू केलं, नंतर ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली आदिवासींची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली. जी मुलं गुरं राखायला जात त्यांच्यासाठी कुरणशाळा काढली. साधनं म्हणजे शंख-शिंपले, बिया, पानं, दगड. विकासवाडी म्हणून त्यांनी जे उभं केलं त्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होती. आज पायाभूत स्तर म्हणून आपण जे मांडतो ते त्यांनी करून दाखवलं होतं. त्या सगळ्यात मुलांजवळ बसणारी, फक्त मुलांची अशी एक शिक्षिका होती. पुढे राष्ट्रीय योजनेने अंगणवाडी हे नाव घेतलं, अंगण घेतलं, पण ती शिक्षिका घेतली नाही.

आता बीडकडे येते, कारण इथे वेळेचा प्रश्न आणखी वेगळा आहे. दिवाळी झाली की निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून) घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडायची असते, मग लहान मुलं सोबतच जातात. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या परिसरात कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) पडतात आणि मुलं पाडव्यापर्यंत तिथे असतात. परत आलेली मुलं अंगणवाडीत बसवली की फरक लगेच दिसतो. एक साडेचार वर्षांची मुलगी होती. धाकट्या भावाला कडेवर घेऊनच यायची आणि त्याला खाली ठेवायला तयार नसायची. तिच्या अंगावर तो असायचाच, कारण फडात आई राबत असताना त्याला सांभाळणं हे तिचं काम होतं. तिला गाणी येत नव्हती, रंगांची नावं येत नव्हती. पण उसाच्या मोळ्या कशा बांधतात, गाडी किती वाजता भरते, कुठल्या कोपीत कोण राहतं हे ती घडाघडा सांगायची. अशा मुलीशी रोज तासभर निवांत बोलायला कुणी असेल तर ती वर्षभरात कुठल्या कुठे जाईल. आज तिच्याशी बोलायला कुणी मोकळं नाही.

शासनाने स्थलांतरित लाभार्थ्यांच्या नोंदीची व्यवस्था केली आहे. कागदोपत्री ही मुलं जिथे जातील तिथल्या अंगणवाडीत आहार घेऊ शकतात, आणि काही ठिकाणी घेतातही. शिक्षणाचं मात्र असं काही हस्तांतर होत नाही. म्हणून माझी सूचना अशी की बालशिक्षिकांचा प्रयोग ऊसतोडीच्या तालुक्यांपासून सुरू करावा, आणि त्यातल्या काही बालशिक्षिका गाळप हंगामात कारखान्यांच्या परिसरात नेमाव्यात. शक्य तिथे त्या याच तालुक्यातल्या असाव्यात. ज्या बाईची बोली मूल ओळखतं, तिच्याजवळ ते लवकर येतं.

आणखी एक गोष्ट पालकांची. चार वर्षं पूर्ण झाली की अंगणवाडीच्या पटावरून मुलं गळू लागतात. नावं राहतात, मुलं येत नाहीत. ती तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाच्या ज्युनिअर केजीत गेलेली असतात, सकाळी व्हॅनमध्ये दाटीवाटीने बसून. ज्यांना परवडत नाही तेही हप्त्याने फी भरतात. एका आईला कारण विचारलं. ती म्हणाली, "हितं नुसतं बसवून ठेवतेत, लिहायला कुठं शिकवतेत?" चार वर्षांच्या मुलाला रेघी वहीत एबीसीडी गिरवायला लावणं हे शिक्षण नव्हे, हे बालशिक्षणाचे जाणकार पोटतिडकीने सांगत आले आहेत आणि माझंही ठाम मत तेच आहे. पण तिच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग खोटा नाही. मुलं बसवूनच ठेवलेली असतात. खेळातून शिकणं काय असतं हे तिला दिसलंच नाही, तर वहीवरचा तिचा विश्वास हलणार कसा? चिंचोक्यांचा तो खेळ तिने पाहिला असता तर कदाचित तिचं मत वेगळं झालं असतं.

याचा शेवट पहिलीच्या वर्गात होतो. आपल्या राज्यात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलाला जूनमध्ये पहिलीत घेतात, म्हणजे काही मुलं साडेपाचाव्या वर्षीच त्या वर्गात बसतात. २०१९ साली असर या शिक्षणविषयक सर्वेक्षणाने देशातल्या २६ ग्रामीण जिल्ह्यांत चार ते आठ वयाच्या मुलांची पाहणी केली होती. पहिलीतल्या अवघ्या १६ टक्के मुलांना त्या इयत्तेच्या पातळीचा मजकूर वाचता आला आणि एकाच वर्गात वयाने लहान असलेली मुलं मागे पडलेली दिसली. पहिलीचे गुरुजी म्हणतात मुलं काहीच न येता येतात. सेविका म्हणतात आम्हाला वेळ कुठे आहे. आणि मूल सहा वर्षांचं होईपर्यंत एका विभागाचं, त्यानंतर दुसऱ्या विभागाचं असल्यामुळे हे दोघं एकमेकांशी बोलतही नाहीत. कित्येक ठिकाणी अंगणवाडी आणि जिल्हा परिषद शाळा एकाच आवारात आहेत. मधे भिंतसुद्धा नाही.

पैशाचं बोलायला हवं. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून ते मला टाळता येणार नाही. अर्धवेळ बालशिक्षिकेला दरमहा ५,००० रुपये मानधन धरलं, तर १ लाख १० हजार अंगणवाड्यांसाठी वर्षाला ६६० कोटी रुपये लागतील. हे मानधन तुटपुंजं आहे, मला मान्य आहे. दुप्पट धरा, १,३२० कोटी. लाडकी बहीण योजनेसाठी राज्याने २०२५-२६च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटी रुपयांची तरतूद केली होती. बहिणींचे पैसे काढा असं मी मुळीच म्हणत नाही. माझ्या आजोळच्या बायांना त्या पैशांचं मोल काय आहे ते मी पाहिलंय. इच्छा असली की राज्य केवढी रक्कम उभी करू शकतं, एवढंच त्यातून दिसतं. त्या बहिणींच्या मुलांसाठी त्याच्या सुमारे दोन ते चार टक्के रक्कम मागणं जास्त होत नाही. आणि ही रक्कम पुन्हा गावातल्याच बायांच्या हातात पडणार आहे.

पैशापेक्षा अवघड प्रश्न वेगळा आहे, आणि तो मला सेविकांनीच सांगितला. मी नव्या बालशिक्षिकेची कल्पना मांडली की आधी त्यांचे डोळे चमकायचे, मग चेहरा पडायचा. "आमच्या जागी आणतील का तिला?" ही भीती फुकाची नाही. केंद्राच्या मानधनाचा दर २०१८पासून सेविकेला महिन्याला ४,५०० आणि मदतनिसाला २,२५० रुपये आहे. त्यावर राज्य भर घालतं ती वेळोवेळी आंदोलन केल्यावरच. ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस राज्यातल्या अंगणवाड्या संपावर होत्या, ते विसरण्यासारखं नाही. सेविकांना ग्रॅच्युइटी मिळावी हासुद्धा निकाल सर्वोच्च न्यायालयाकडून २५ एप्रिल २०२२ रोजी मिळवावा लागला, आणि अंगणवाडीत पूर्वप्राथमिक शिक्षण दिलं जातं हा त्या निकालाचा एक आधार होता. ज्या कामाच्या आधारावर न्यायालयाने त्यांना हक्क दिला, तेच काम कुणी दुसरी येऊन करणार म्हटल्यावर त्यांच्या पोटात गोळा येणारच. तेव्हा बालशिक्षिकेच्या नेमणुकीने सेविकेचं पद, मानधन किंवा हक्क यांना धक्का लागणार नाही, हे शासन निर्णयात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं पाहिजे. संघटनांना आधी विश्वासात घ्या, आदेश नंतर काढा. ज्या सेविकेला स्वतःलाच बालशिक्षिका व्हायचं असेल तिला तो मार्ग खुला ठेवा. पोषण आणि नोंदींच्या कामासाठी मग दुसरी व्यक्ती घ्या. चिंचोक्यांच्या त्या ताईंना मी विचारलं तर त्या हेच निवडतील, याची मला खात्री आहे.

नेमणुका कशा होतात हेही गावात सगळ्यांना माहीत असतं. जागा निघाली की कुणाची सून, कुणाची भावजय याची चर्चा आधी सुरू होते. बालशिक्षिकेची निवड करताना उमेदवाराला अर्धा तास मुलांमध्ये बसवून पाहावं आणि त्याला गुण असावेत. मुलं कुणाजवळ जातात हे तिथे जमलेल्या सगळ्यांना दिसेल, मग चिठ्ठीचपाटी चालवणं जरा जड जाईल.

राहिला मोजण्याचा प्रश्न. मुलांची परीक्षा घेऊ नका, एवढी कळकळीची विनंती. पेन्सिल-कागदाची चाचणी आली की अंगणवाडीचीही ज्युनिअर केजी व्हायला वेळ लागणार नाही. मोजायचाच तर मुलांना मिळालेला वेळ मोजा : सकाळीत किती मिनिटं कुणीतरी मुलांशी बोललं, खेळलं, गोष्ट सांगितली. हे बाहेरच्या माणसाने शांतपणे बसून टिपायचं काम आहे आणि त्यासाठी आपल्याकडे मनुष्यबळ तयार आहे. राज्यातल्या विद्यापीठांत दर वर्षी पदवीचे असंख्य विद्यार्थी क्षेत्रीय प्रकल्प आणि समाज सहभागाच्या श्रेयांकांसाठी विषय शोधत असतात. बरेच जण शेवटच्या आठवड्यात कुठूनतरी माहिती उतरवून अहवाल बांधून देतात, कारण तो अहवाल कुणीच वाचणार नसतो. त्यांना थोडं प्रशिक्षण आणि एक साधा सामायिक नमुना द्या, मुलांच्या सुरक्षिततेचे नियम घालून द्या, आणि प्रत्येक जिल्ह्यात त्यांचे अहवाल स्वीकारणारा एक अधिकारी नेमा. मला स्वतःला बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांची परवानगी मिळवताना फार हेलपाटे घालावे लागले. पत्र कुणाच्या नावाने लिहायचं इथपासून अडचण होती. परवानगी मिळाल्यावर मात्र एकाही अंगणवाडीने मला परकं मानलं नाही.

माझी विभागाला तीन बाबतींत लेखी उत्तराची विनंती आहे. एक, अंगणवाडीत स्वतंत्र बालशिक्षिकेचं पद निर्माण करण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे का, आणि नसल्यास का नाही. दोन, येत्या गाळप हंगामाआधी बीड जिल्ह्यातल्या निदान एका ऊसतोडीच्या तालुक्यात याचा प्रयोग सुरू होईल का, आणि त्याचं मूल्यमापन कुणा स्वतंत्र संस्थेकडे दिलं जाईल का. तीन, तोपर्यंत निदान सकाळचे पहिले दोन तास सेविकेला फोन, फोटो, केवायसी आणि इतर विभागांच्या कामातून मोकळं ठेवण्याचा आदेश निघेल का. या तिसऱ्या मागणीला एक रुपयाही लागत नाही.

माझा पूर्ण अहवाल, वेळेच्या नोंदींसह, आपल्याला हवा तेव्हा मी सादर करीन. त्यात कोणत्याही सेविकेची, मुलाची किंवा गावाची ओळख उघड होणार नाही याची काळजी घेतली आहे. बोलावलंत तर माझे मार्गदर्शक आणि मी मंत्रालयात येऊ. सोबत दोन सेविकांनाही आणायची परवानगी असावी, कारण त्यांची बाजू त्यांच्याच तोंडून ऐकली जावी असं मला वाटतं.

आपली विश्वासू,
तृतीय वर्ष बी.ए. (अर्थशास्त्र) ची एक विद्यार्थिनी, पुणे